वीस डॉलरांची सेवा : सॅन अँटोनियोच्या नगरसेवकांना पगार मिळायला ६४ वर्षे का लागली?

१/ ९ मे २०१५. अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील सॅन अँटोनियो शहरात मतदारांपुढे काही सनददुरुस्त्या ठेवल्या होत्या. त्यांतला एक प्रश्न असा : नगरसेवकांना पगार द्यावा की नाही? तोवर तेथील नगरसेवकाला एका सभेमागे २० डॉलर मिळत. वर्षाची कमाल मर्यादा १,०४० डॉलर. महापौराला त्यावर आणखी ३,००० डॉलर. नगरसेवकांचा हा दर १९५१ च्या सनदेत लिहिला गेला होता आणि ६४ वर्षांत त्यात एका सेंटचीही भर पडली नव्हती.

२/ शहर लहान नाही. २०१० च्या जनगणनेत १३ लाख २७ हजार वस्ती, लोकसंख्येने अमेरिकेत सातवे. दोन अब्ज डॉलरांहून मोठा अर्थसंकल्प. वीजकंपनी शहराच्या मालकीची, पाणीपुरवठाही शहराचाच. एकेका प्रभागात सव्वा लाखाहून अधिक माणसे. एवढ्या कारभाराचा निर्णय घेणाऱ्याच्या हातावर शहर आठवड्याला २० डॉलर ठेवत होते.

३/ या व्यवस्थेला तेथे 'सेवा' म्हणत. बिनपगारी नगरसेवक म्हणजे निःस्वार्थी नगरसेवक, अशी समजूत तीन पिढ्या टिकली. या धाग्याचे म्हणणे उलट आहे. ती सेवा नव्हती, ती मालमत्तेची अट होती. फक्त ती कायद्यात उघडपणे लिहिलेली नव्हती, पगाराच्या रकान्यात लपवलेली होती.

४/ आधी हिशेब पाहावा, कारण १,०४० हा आकडाच बोलका आहे. २० गुणिले ५२. वर्षाचे आठवडे ५२, आठवड्याला एक सभा, सभेला २० डॉलर. म्हणजे सनदकारांच्या मनातला नगरसेवक आठवड्यातून एकदा येतो, सभेत बसतो, हात वर करतो आणि आपल्या कामधंद्याला परत जातो. आपला कामधंदा त्याला आहेच, हे गृहीत आहे. तो धंदा असा आहे की मालक हवे तेव्हा उठून जाऊ शकतो, हेही गृहीत आहे.

५/ १९५१ मध्ये अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन ताशी ७५ सेंट होते. चाळीस तासांच्या आठवड्याचे ३० डॉलर. म्हणजे त्या वर्षीही नगरसेवकाचे मानधन किमान वेतनावरील मजुराच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा कमीच होते, तरी सुमारे २७ तासांच्या मजुरीइतके होते. २०१५ मध्ये किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर झाले. आता तेच २० डॉलर तीन तासांच्याही मजुरीला पुरेनात. या काळात अमेरिकेतील भाव सुमारे नऊपट वाढले. दर मात्र तिथेच राहिला.

६/ हा दर कोठून आला, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शहरांतील राजकीय टोळ्यांच्या कारभाराला कंटाळलेल्या सुधारकांनी एक नवी रचना पुढे आणली : निवडून आलेली लहानशी परिषद धोरण ठरवील आणि तिने नेमलेला पगारदार, प्रशिक्षित 'नगर व्यवस्थापक' शहर चालवील. १९१३ च्या महापुरानंतर ओहायोतील डेटन शहराने ती स्वीकारली आणि मग ती देशभर पसरली.

७/ नमुना उघडउघड खासगी कंपनीचा होता. परिषद म्हणजे संचालक मंडळ, व्यवस्थापक म्हणजे मुख्य अधिकारी, नागरिक म्हणजे भागधारक. रूपक सुबक आहे, पण त्यात एक खोट आहे. कंपनीचा संचालक अन्यत्र कमावलेला असतो, म्हणून तर त्याला संचालक करतात. तोच निकष शहराला लावला की शहराचे धोरण ठरवण्याचा अधिकार अन्यत्र कमावलेल्यांकडे जातो. भागधारकांत धुणे धुणारी बाई आणि रेल्वेचा खलाशी असले तरी संचालकांत ते येत नाहीत.

८/ सॅन अँटोनियोत १९५१ पूर्वी आयुक्तमंडळाची पद्धत होती. तिच्यात वशिलेबाजी, नोकऱ्यांची वाटणी, मतांची खरेदी हे सारे होते. जुन्या कारभाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सुधारकांचा राग खरा होता. प्रश्न असा की त्या रागातून त्यांनी दरवाजा कोणासाठी उघडला आणि कोणासाठी बंद केला.

९/ नव्या सनदेने नऊ जणांची परिषद आणली आणि सर्व नऊ जागा शहरभरच्या मतदानाने भरायचे ठरवले. प्रभाग नाहीत. म्हणजे उमेदवाराला आपल्या गल्लीत नव्हे, तर चार लाखांच्या शहरात प्रचार करायचा. त्याला पैसा लागतो. निवडून आल्यावर पुन्हा २० डॉलर. आत येताना एक गाळणी आणि आत राहताना दुसरी.

१०/ तिसरी गाळणी राज्याची होती. टेक्ससमध्ये तेव्हा मत देण्यासाठी दीड ते पावणेदोन डॉलर मतदानकर भरावा लागे. १९०२ पासून चालत आलेला हा कर केंद्रीय निवडणुकांतून १९६४ साली आणि राज्याच्या निवडणुकांतून १९६६ साली गेला. त्याचा मार मेक्सिकन वंशाच्या, काळ्या आणि गरीब गोऱ्या मतदारांवर पडला. मतदानकराला आज सारे अन्याय म्हणतात. पण मतदाराकडून पावणेदोन डॉलर घेणे अन्याय असेल, तर प्रतिनिधीकडून त्याची सारी उपजीविका मागणे हा सद्गुण कसा?

११/ १९५४ च्या अखेरीस शहरातील व्यापारी व व्यावसायिकांनी 'गुड गव्हर्न्मेंट लीग' ही संघटना उभारली. उमेदवार कोण, हे तिची एक समिती बंद दाराआड ठरवी. १९५५ ते १९७१ या काळात परिषदेच्या ८१ जागांपैकी ७७ जागा लीगच्या उमेदवारांनी जिंकल्या. त्यांत मेक्सिकन वंशाचे एकदोघे, पुढे एखादा काळा प्रतिनिधीही असे, पण तोही लीगने पारखून घेतलेला. बहुतेक सभासद शहराच्या उत्तरेकडील सुखवस्तू वस्त्यांतले. १९६१ ते १९७१ महापौर राहिलेले वॉल्टर मॅकॲलिस्टर एका मोठ्या बचत-कर्ज संस्थेचे धनी होते.

१२/ लीगने पैसे खाल्ले, असा आरोप येथे नाही. तिच्या काळात शहर वाढले, रस्ते झाले, १९६८ चे जागतिक प्रदर्शन भरले. आरोप वेगळा आहे. २० डॉलरांचा तोटा मॅकॲलिस्टरांसारख्यांना जाणवण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या निःस्वार्थीपणाची किंमत त्यांच्या उत्पन्नाने आधीच चुकती केली होती. आणि ज्याला तो तोटा जाणवला असता, तो माणूस त्या खोलीत नव्हता.

१३/ तो खोलीत नसल्याने काय बिघडले, हे शहराच्या पश्चिम भागात दर पावसाळी दिसे. मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांच्या त्या वस्त्यांत पुराच्या पाण्याचा निचरा करणारी कामे दशकानुदशके रखडली होती. पाऊस आला की गल्ल्यांचे ओढे होत, घरांत पाणी शिरे, मुले चिखल तुडवत शाळेत जात. १९७४ मध्ये चर्चच्या प्रभागांतून 'कॉप्स' ही संघटना उभी राहिली. अर्नेस्टो कोर्टेस हे तिचे संघटक. तिचे पहिले मोठे भांडण पुराच्या पाण्यावरूनच झाले. कामे कागदावर होती, निधीचा क्रम लागत नव्हता. क्रम लावणाऱ्यांच्या घरात पाणी शिरत नव्हते.

१४/ १९७५ मध्ये केंद्रीय मताधिकार कायद्याची कक्षा टेक्ससपर्यंत वाढली. शहराने लगतचा गोऱ्या वस्तीचा प्रदेश हद्दीत घेतल्याने मेक्सिकन वंशाच्या मतदारांचे वजन घटते, अशी हरकत न्यायखात्याने घेतली. त्यातून जानेवारी १९७७ मध्ये दहा प्रभाग आणि शहरभरातून एक महापौर, ही दुरुस्ती अगदी थोड्या मतांनी मंजूर झाली. त्या वर्षीच्या निवडणुकीत अकरापैकी पाच जागा मेक्सिकन वंशाच्या आणि एक काळ्या प्रतिनिधीकडे गेली.

१५/ येथे नीट थांबायला हवे, कारण पाठ्यपुस्तके हा प्रसंग शेवट म्हणून सांगतात. मतदानकर गेला. प्रभाग आले. तीनपैकी दोन गाळण्या फुटल्या. तिसरी, २० डॉलरांची, आणखी ३८ वर्षे शाबूत राहिली आणि तिच्याकडे कोणी अन्याय म्हणून पाहिलेही नाही. कारण तिच्यावर 'सेवा' ही पाटी होती.

१६/ त्या ३८ वर्षांत कोण महापौर होऊ शकले? १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस. शहराच्या आधुनिक इतिहासातील पहिले मेक्सिकन वंशाचे महापौर. त्यांच्या आधीचे ह्वान सेगीन, तेही १८४० च्या दशकात. सिस्नेरोस विद्यापीठात शिकवून आणि व्याख्याने देऊन घर चालवत आणि उरलेल्या वेळात देशातील एक मोठे शहर सांभाळत. २००५ मध्ये फिल हार्डबर्गर आले, ते निवृत्त न्यायाधीश. २००९ मध्ये हुलियान कास्त्रो, ते वकील. माणसे कर्तबगार होती. पण प्राध्यापक, निवृत्त न्यायाधीश, वकील या यादीत काय नाही, तेही वाचता यायला हवे.

१७/ परिषदेची औपचारिक बैठक गुरुवारी सकाळी भरत असे, कामकाजाच्या दिवशी. बसचालक, परिचारिका, हॉटेलात खोल्या साफ करणारी बाई, तासावर काम करणारा सुतार यांनी दर गुरुवारी सुट्टी मागावी आणि मालकाने ती द्यावी, असे घडत नाही. आणि सभा हे तर कामाचे लहानसे टोक. त्यामागे शेकडो पानांचे अर्थसंकल्प, प्रभागातल्या तक्रारी, संध्याकाळच्या बैठका, जमीनवापराच्या सुनावण्या.

१८/ मराठीत 'मानधन' असा एक फसवा शब्द आहे. त्यात मान भरपूर आणि धन नावापुरते. शब्द ऐकताच घेणाऱ्याला संकोच वाटतो आणि देणाऱ्याला औदार्याचे समाधान मिळते. सॅन अँटोनियोचे २० डॉलर हे अस्सल मानधन होते.

१९/ ही युक्ती अर्थातच टेक्ससने शोधली नाही. अथेन्समध्ये पेरिक्लिसने न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना दिवसाला दोन ओबोल द्यायला सुरुवात केली. पुढे ते तीन झाले. सभेत बसायला पैसे घेणे हे अधःपतन, अशी टीका तेव्हाच्या सुखवस्तूंनी खूप केली. मग इ.स.पू. ४११ मध्ये चारशे धनिकांनी सत्ता बळकावली तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात जवळजवळ सर्व सार्वजनिक पदांचा मोबदला बंद करण्याचे कलम ठळक होते. लोकशाही कोठून तोडावी, हे तिच्या शत्रूंना तिच्या मित्रांपेक्षा अचूक ठाऊक होते.

२०/ १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी कार्यकारी प्रमुखाला पगार देऊ नये अशी सूचना मांडली. मानाचे पद लाभाचेही झाले की लोभी माणसे त्यावर तुटून पडतील, असा त्यांचा युक्तिवाद. सभेने तो आदराने ऐकला आणि बाजूला ठेवला. फ्रँकलिन यांचा हेतू निर्मळ होता. पण ते चाळिशीतच छापखान्याच्या धंद्यातून निवृत्त होण्याइतके श्रीमंत झाले होते, हेही सोबत लक्षात ठेवायला हवे.

२१/ ब्रिटनमध्ये १८३८ च्या 'पीपल्स चार्टर'च्या सहा मागण्यांत खासदारांना वेतन ही एक होती आणि तिच्या शेजारीच मालमत्तेची अट रद्द करण्याची दुसरी. गिरणीकामगारांना या दोहोंचे नाते पक्के कळले होते. मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली. वेतन यायला १९११ उजाडले, वर्षाला ४०० पौंड. मधल्या ५३ वर्षांत कामगाराला पार्लमेंटात बसायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण तेथे जेवणार काय हा प्रश्न होता.

२२/ परत सॅन अँटोनियोकडे. २००२ मध्ये तेथील दोन नगरसेवकांवर केंद्रीय तपासयंत्रणेने लाचखोरीचे आरोप ठेवले. त्यानंतर पगाराची चर्चा सुरू झाली, पण २००४ मध्ये मतदारांनी पगाराचा प्रस्ताव फेटाळला. विरोधकांचा प्रश्न नेहमीचा : असल्या लोकांना वर पगारही द्यायचा? रागाने विचारलेला हा प्रश्न समजण्याजोगा आहे. पण त्याचे फळ काय? लाचखोरांना शिक्षा न्यायालय देते. पगार नाकारल्याची शिक्षा मात्र जो अजून उभाच राहिलेला नाही अशा प्रामाणिक, पण बेताच्या कमाईच्या उमेदवाराला होते.

२३/ पगार दिला की भ्रष्टाचार थांबतो, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. भरपूर पगार घेऊन लाच खाणाऱ्यांनी जगातली राजधानीची शहरे भरली आहेत. पगाराचे समर्थन त्या आधारावर करूच नये. समर्थनाचे खरे कारण एवढेच की बिनपगारी पदावर बसलेल्याचा खर्च कोणीतरी उचलतोच. स्वतःची मिळकत, नवरा किंवा बायको, मालक, अशिल, कंत्राटदार. शहराने तो उचलला तर निदान तो उघड हिशेबात दिसतो.

२४/ दुसरा आक्षेप : पगार किती ते ठाऊक असूनच हे लोक उभे राहिले ना? हो, राहिले. म्हणूनच तर हा युक्तिवाद उलटतो. जे उभे राहिले त्यांना परवडत होते. ज्यांना परवडत नव्हते ते उभे राहिले नाहीत, आणि त्यांची साक्ष या वादात कोणी काढत नाही. न आलेल्या माणसाची मोजदाद होत नाही, एवढ्यावर हा सारा आक्षेप उभा आहे.

२५/ तिसरा : करदात्यांचा पैसा. २०१५ चा प्रस्ताव होता नगरसेवकाला ४५,७२२ आणि महापौराला ६१,७२५ डॉलर. पहिला आकडा हवेतून काढलेला नव्हता. शहरातल्या मधल्या कुटुंबाचे ते वार्षिक उत्पन्न होते. म्हणजे प्रतिनिधीने धड श्रीमंत नाही, धड गरीब नाही, आपल्या मतदारांसारखे जगावे. दहा नगरसेवक आणि एक महापौर मिळून ५,१८,९४५ डॉलर. माणशी वर्षाला ४० सेंटांहून कमी.

२६/ या आकड्याशेजारी दुसरा ठेवून पाहावा. कंपनीच्या नमुन्याप्रमाणे 'संचालकां'ना २० डॉलर देणारे हेच शहर आपल्या व्यवस्थापकाला लाखो डॉलर देत होते. २०१८ मध्ये तो पगार ४,७५,००० डॉलरांवर गेला होता, म्हणजे अकरा निर्वाचितांच्या एकूण वेतनाच्या जवळपास. कसबी माणसाला कसबाचे दाम मिळावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नेमलेल्याच्या कामाला किंमत आहे आणि निवडून दिलेल्याच्या कामाला नाही, असे मानणाऱ्या शहरात खरा अधिकार कोणाकडे झुकेल? जो पूर्ण वेळ कार्यालयात बसतो, ज्याच्या हाताखाली खाती आहेत, त्याच्याकडे. नगरसेवक दुपारी आपल्या पोटाच्या मागे गेलेला असतो.

२७/ त्या वर्षी मतदारांनी व्यवस्थापकाच्या पगारावरही राग काढला. अग्निशामक दलाच्या संघटनेने पुढे आणलेली दुरुस्ती मंजूर झाली : पुढील व्यवस्थापकाचा पगार शहराच्या सर्वांत कमी पगाराच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या दहापटीहून अधिक नसावा. २०२४ मध्ये ही मर्यादा मतदारांनीच काढून टाकली. पगाराचे प्रश्न मतपत्रिकेवर आले की त्या त्या वर्षीचा राग मतपेटीत उतरतो, हे खरे. तरीही ते तेथेच यावेत. स्वतःचा पगार स्वतः वाढवून घेणाऱ्या सभागृहांचा अनुभव जगाला पुरेसा आहे.

२८/ ९ मे २०१५ ला दुरुस्ती मंजूर झाली. त्याच मतपत्रिकेवर ट्रामगाड्यांचा प्रश्न होता आणि गावात चर्चा त्याचीच जास्त. ६४ वर्षांचा दर कोणताही गाजावाजा न होता पडला.

२९/ नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मतदान झाले. नगरसेवकाला ७०,२०० आणि महापौराला ८७,८०० डॉलर, आणि पुढची वाढ केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या मध्यम उत्पन्नाच्या आकड्याशी बांधलेली. मुदतही दोन वर्षांवरून चार वर्षांवर गेली. १९५१ ची खरी चूक २० हा आकडा नव्हता, तो आकडा दगडात कोरणे ही होती. ती या वेळी टाळली गेली. मे २०२५ मध्ये महापौरपदासाठी २७ उमेदवार उभे होते. जागा रिकामी होती, म्हणून सारे श्रेय पगाराला देता येणार नाही.

३०/ २०२४ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे : ज्या निर्वाचित सदस्याला आपले वेतन पूर्णतः किंवा अंशतः नाकारायचे असेल त्याला ते नाकारता येईल. फुकट सेवा करण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांना सॅन अँटोनियोत आजही कोणी अडवलेले नाही.